स्वप्नांची पारख

दिवा मालवला, डोळे मिटले आणि गाढ झोप लागली, की माणूस एका निराळ्याच जगात वावरू लागतो. तेथे दूरदेशी गेलेली माणसे भेटतात, पंखांवाचून आकाशात उडता येते, आणि कधी कधी भयाने अंगाला दरदरून घामही फुटतो. जाग आली, की ते सारे जग क्षणात विरून जाते. हे जग आले कोठून? त्याला काही अर्थ आहे काय? हे प्रश्न मनुष्यजातीइतकेच जुने आहेत.

मध्ययुगातील माणसांनाही हे प्रश्न पडले होते. युरोपच्या इतिहासात साधारणपणे पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंतच्या काळास मध्ययुग म्हणतात. भारताच्या इतिहासात ही मर्यादा पुढे अठराव्या शतकापर्यंत नेण्याची पद्धत आहे. त्या काळचे लोक भाबडे होते, स्वप्नात जे दिसे ते सारे त्यांना खरे वाटे, अशी एक समजूत पुष्कळदा आढळते. परंतु त्या काळचे ग्रंथ उघडून पाहिले म्हणजे वेगळीच गोष्ट ध्यानात येते. काही स्वप्ने दैवी असतात, अशी त्या लोकांची श्रद्धा होती, यात शंका नाही. पण ज्या बाजारात खऱ्या नाण्याला मोल असते, त्याच बाजारात खोट्या नाण्याची भीती असते. म्हणून सोनार जसा सोने कसोटीवर घासून पाहतो, तसे ते स्वप्न पारखून पाहत. ‘हे स्वप्न खरे होईल काय?’ या प्रश्नाआधी ते विचारीत, ‘हे स्वप्न आले कोठून?’

पाचव्या शतकाच्या आरंभी मॅक्रोबियस नावाचा एक रोमन विद्वान होऊन गेला. त्याने लॅटिन भाषेत लिहिलेला एक टीकाग्रंथ युरोपात शेकडो वर्षे अभ्यासला जात होता. त्यात त्याने स्वप्नांचे पाच प्रकार सांगितले आहेत. दिवसभराच्या चिंता रात्री पुन्हा दिसतात, तो एक प्रकार. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असताना चित्रविचित्र आकृती भोवती फिरतात, तो दुसरा. हे दोन्ही प्रकार निरर्थक आहेत, त्यांचा अर्थ शोधण्यात वेळ दवडू नये, असे तो सांगतो. उरलेल्या तीन प्रकारांना मात्र तो अर्थपूर्ण मानतो. कोणी पूज्य व्यक्ती येऊन उपदेश करते, ते एक. पुढे घडणारी गोष्ट जशीच्या तशी दिसते, ते दुसरे. आणि अर्थ कोड्यात गुंडाळलेला असतो, ते तिसरे.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस रोम येथे ग्रेगरी हे पोप झाले. इ. स. ५९० ते ६०४ हा त्यांचा काळ. त्यांनी स्वप्नांची सहा कारणे सांगितली आणि त्यांपैकी पहिली दोन तर अगदी घरगुती आहेत. पोट तडीस लागेपर्यंत जेवल्याने स्वप्ने पडतात आणि उपाशी पोटी झोपल्यानेही पडतात! याशिवाय काही स्वप्ने केवळ भुलविण्यासाठी येतात, तर काही ईश्वरी संकेत म्हणून येतात. आणि या दोहोंत कधी कधी माणसाचे स्वतःचे विचारही मिसळतात. इतकी कारणे असल्यामुळे स्वप्नावर चटकन विश्वास ठेवू नये, असे ग्रेगरी बजावतात. त्यासाठी त्यांनी एका माणसाची हकीकत दिली आहे. त्या माणसाला स्वप्नांचे फार वेड होते. एकदा स्वप्नात त्याला दीर्घायुष्याचे आश्वासन मिळाले. आता पुष्कळ वर्षे जगायचे, तर पुष्कळ पैसा हवा, असे मनाशी ठरवून तो धन साठवू लागला. थैल्या भरल्या, पण तो अकस्मात मरण पावला, आणि त्या धनाला त्याचा हातही लागला नाही.

विद्वानांनी असे सावध केले, तरी सामान्य लोकांचे कुतूहल थोडेच थांबणार! प्रेषित दानिएल यांच्या नावावर खपणारी एक स्वप्नपुस्तिका युरोपात घरोघर ठाऊक झाली होती. तीत स्वप्नात दिसणाऱ्या वस्तू वर्णानुक्रमाने मांडून प्रत्येकीपुढे तिचे फळ एका वाक्यात दिलेले असे. काही पुस्तिकांत तर स्वप्नाकडे पाहण्याचीही गरज नव्हती. चंद्राच्या कितव्या दिवशी स्वप्न पडले एवढे मोजले, की त्याचे फळ हाती येई. वैद्यांची दृष्टी याहून वेगळी होती. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात, असे त्या काळचे वैद्यक मानी. कफ वाढला की पाण्याची स्वप्ने पडतात, पिवळे पित्त वाढले की आग दिसते, असे वैद्य सांगत. रोग्याची नाडी पाहावी, तसे ते त्याचे स्वप्नही विचारून घेत.

अशा पारखीतून पार पडलेले एक स्वप्न इंग्लंडच्या वाङ्मयात अमर झाले आहे. त्या देशाच्या उत्तरेस, समुद्रकाठी, व्हिटबी येथे सातव्या शतकात एक मठ होता. हिल्डा नावाची एक कर्तबगार स्त्री त्याची प्रमुख होती. तेथील गुरांची राखण करणाऱ्या माणसाचे नाव केडमन. वय पुष्कळ झाले, तरी त्याला एकही गाणे येत नसे. मेजवानीच्या वेळी एक वाद्य हातोहात फिरे आणि ते ज्याच्यापुढे येई त्याने गाणे म्हणावे, असा रिवाज होता. वाद्य आपल्या जवळ येत आहे असे दिसले, की केडमन मुकाट्याने उठे आणि घरी निघून जाई.

एका रात्री तो असाच उठून गोठ्यात गेला. त्या दिवशी राखणीची पाळी त्याचीच होती. तेथेच त्याला झोप लागली. स्वप्नात कोणीतरी त्याच्याजवळ उभे राहिले आणि त्याला नावाने हाक मारून म्हणाले, “केडमन, मला काही गाऊन दाखव.”

“मला गाता येत नाही. म्हणून तर मी मेजवानी सोडून इकडे आलो,” तो म्हणाला.

“तरीही तू गायलेच पाहिजेस.”

“काय गाऊ?”

“सृष्टीचा आरंभ गा.”

आणि केडमन गाऊ लागला. पूर्वी कधी न ऐकलेले शब्द त्याच्या मुखातून बाहेर पडले. जाग आली तेव्हा ते सारे त्याला आठवत होते. सकाळी त्याने ही गोष्ट आपल्या वरच्या कारभाऱ्यास सांगितली आणि कारभारी त्याला हिल्डाकडे घेऊन गेला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की एका गुराख्याचे स्वप्न म्हणून कोणी ते हसण्यावारी नेले नाही; त्याचप्रमाणे चमत्कार म्हणून कोणी ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही. हिल्डाने विद्वानांना एकत्र बोलावले आणि केडमनला त्यांच्यासमोर स्वप्न व गीत सांगावयास लावले. मग त्यांनी धर्मग्रंथातील एक कथा त्याला समजावून दिली आणि तिचे काव्य करून आणण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी केडमन ते काव्य घेऊन हजर झाला. तेव्हा कोठे सर्वांची खात्री पटली. हिल्डाने त्याला मठात सामावून घेतले. बीड या इतिहासकाराने इ. स. ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात ही हकीकत लिहिली आहे. ज्या इंग्रज कवींची नावे आज ठाऊक आहेत, त्यांत केडमनचे नाव अगदी आरंभी घेतले जाते.

गुराख्याला स्वप्नाने वाणी दिली; एका राजाला मात्र स्वप्नाने इतरांची वाणी ऐकवली. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री इ. स. ११३० मध्ये नॉर्मंडी येथे असताना त्याला एकामागून एक तीन भयंकर स्वप्ने पडली, असे वूस्टर येथील जॉन नावाच्या मठवासी इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. पहिल्या स्वप्नात शेतकरी आपली अवजारे घेऊन त्याच्या शय्येभोवती उभे राहिले आणि दात खात त्याला जाब विचारू लागले. दुसऱ्या स्वप्नात शस्त्रधारी सरदार त्याच्यावर चालून आले. तिसऱ्या स्वप्नात धर्मगुरू आपले दंड उगारून समोर ठाकले. राज्यातील तिन्ही वर्ग करांच्या भाराने गांजले होते आणि ते सारे राजाच्या झोपेत शिरले होते! राजा दचकून उठला. ग्रिंबाल्ड नावाच्या राजवैद्याने ती हकीकत ऐकली आणि दानधर्म करून पापाचे क्षालन करावे, असा सल्ला दिला. पुढे समुद्रमार्गे इंग्लंडला परतताना मोठे वादळ झाले. तेव्हा राजाने सात वर्षे डेनगेल्ड नावाचा कर घेणार नाही, अशी प्रतिज्ञा केली, असेही जॉनने लिहिले आहे. या तिन्ही स्वप्नांची रंगीत चित्रे त्याच्या हस्तलिखितात काढलेली आहेत. राजदरबारात उभे राहून राजाला जाब विचारण्याची छाती कोणा शेतकऱ्याला झाली नसती. स्वप्नाची गोष्ट म्हणून मात्र ते शब्द लिहिता आले, आणि आज नऊशे वर्षांनंतरही ते वाचता येतात.

याच काळात अरबी भाषिक जगात स्वप्नांचा अर्थ लावण्याचे एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले होते. तेथेही पहिली पायरी निवड करण्याचीच होती. ईश्वराकडून येणारी शुभवार्ता, सैतानाकडून येणारे भय आणि मनातल्या विचारांचे नुसते पडसाद, असे स्वप्नांचे तीन वर्ग मुसलमान विद्वान करीत. नवव्या शतकात बगदाद येथील हुनैन इब्न इस्हाक या पंडिताने आर्टेमिडोरस या लेखकाचा स्वप्नांवरील ग्रीक ग्रंथ अरबी भाषेत आणला. परंतु या क्षेत्रात सर्वांत मोठे नाव झाले ते बसरा शहरातील इब्न सीरीन यांचे. ते इ. स. ७२८ मध्ये वारले. पुढे कित्येक शतके स्वप्नांवरचे ग्रंथ त्यांच्याच नावावर लिहिले जात होते.

त्यांच्याविषयी एक मार्मिक कथा सांगतात. एक मनुष्य त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, “मी नमाजाची बांग देत आहे, असे स्वप्न मला पडले.” इब्न सीरीन म्हणाले, “तुला मक्केची यात्रा घडेल.” थोड्या वेळाने दुसऱ्या एका मनुष्याने येऊन तेच स्वप्न सांगितले. त्याला ते म्हणाले, “तुझ्यावर चोरीचा आळ येईल.” जवळ बसलेली मंडळी चकित झाली. तेव्हा इब्न सीरीन यांनी खुलासा केला, की पहिल्याच्या मुद्रेवर त्यांना सज्जनपणा दिसला, दुसऱ्याच्या मुद्रेवर तो दिसला नाही. स्वप्न एकच असले, तरी स्वप्न पाहणारा एक नसतो. पुस्तकातले फळ सर्वांना सारखेच लागू करणाऱ्यांना ही कथा चांगलाच धडा देते.

भारतात तर स्वप्नांचा विचार वैद्यकात फार पूर्वीच झाला होता. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. जे पाहिले, जे ऐकले, जे अनुभवले, ज्याची इच्छा केली आणि ज्याची कल्पना केली, त्यांवरून पडणारी स्वप्ने हे पहिले पाच प्रकार. भविष्य सुचविणारे स्वप्न हा सहावा, आणि वात, पित्त, कफ यांच्या बिघाडातून येणारे स्वप्न हा सातवा. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असा स्पष्ट निर्णय तेथे आहे. दिवसा पडलेले, फार लांबलेले किंवा अगदीच त्रोटक असे स्वप्नही निष्फळच मानले आहे. मध्ययुगातील वैद्य हा ग्रंथ प्रमाण मानीत. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने त्यावर विख्यात टीका लिहिली. दुसऱ्या बाजूस, बाराव्या शतकात जगद्देवाने ‘स्वप्नचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ रचून शुभ आणि अशुभ स्वप्नांची फळे सांगितली. वैद्याची चाळणी आणि ज्योतिष्याचे फळ ही दोन्ही आपल्या समाजात अशी शेजारी शेजारी नांदत होती.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत स्वप्नाला एक वेगळेच स्थान आहे. बाबाजी चैतन्य या गुरूंनी स्वप्नात उपदेश केला, तसेच नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्याची आज्ञा दिली, असे तुकाराम महाराजांनी आपल्या अभंगांत सांगितले आहे. आणि ज्या तुकारामांना स्वप्नात गुरू भेटले, तेच पुढे एका तरुण स्त्रीच्या स्वप्नात गुरू होऊन आले. ती स्त्री म्हणजे संत बहिणाबाई.

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. अगदी लहानपणी त्यांचे लग्न झाले. पती वयाने पुष्कळ मोठे आणि स्वभावाने तापट होते. गाव सोडून फिरत फिरत ते कुटुंब कोल्हापूरला येऊन राहिले. तेथे कीर्तनांत तुकारामांचे अभंग कानी पडले आणि बहिणाबाईंच्या मनाने त्यांचाच ध्यास घेतला. पण देहू दूर, आणि स्त्रीने आपल्या इच्छेने तिकडे जाणे त्या काळी केवळ अशक्य! अशा स्थितीत शके १५६९ मध्ये, म्हणजे इ. स. १६४७ च्या सुमारास, तुकारामांनी स्वप्नात येऊन आपल्या मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असे त्या आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगतात.

या स्वप्नाची परीक्षा कोणा विद्वत्सभेने घेतली नाही. ती घरातच झाली, आणि फार कठोर झाली. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संताला गुरू मानावे, हे पतीला सहन झाले नाही. जातिभेदाचा पगडा इतका होता, की स्वप्नातले गुरुत्वही त्यांना अपमानास्पद वाटले. त्यांनी पत्नीचा छळ केला, तिला सोडून जाण्याचा निश्चयही केला. बहिणाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि आपला गुरूही सोडला नाही. त्याच वेळी पती आजारी पडले. त्या आजारात त्यांचे मन पालटले. मग सारे कुटुंब देहूला गेले. तेथे बहिणाबाईंना तुकारामांचे प्रत्यक्ष दर्शन घडले. पुढे इ. स. १७०० पर्यंत त्या जगल्या. स्त्री असून स्वतःचे चरित्र स्वतःच्या शब्दांत सांगणारे जे थोडे आवाज त्या शतकातून ऐकू येतात, त्यांत त्यांचा आवाज ठळक आहे.

आजचे शास्त्र स्वप्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहते. इ. स. १९५३ मध्ये शिकागो येथील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी झोपेच्या एका विशिष्ट अवस्थेचा शोध प्रसिद्ध केला. त्या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. अशा वेळी माणसाला जागे केले, तर बहुधा तो स्वप्न पडत असल्याचे सांगतो. स्वप्न हे मेंदूचे कार्य आहे, भविष्याचे पत्र नव्हे, असे आता मानले जाते. तरी मध्ययुगातील पारख करणारे सर्वस्वी चुकले होते, असे म्हणता येणार नाही. पोटातले अन्न, शरीरातला आजार, दिवसाची चिंता आणि मनातली इच्छा यांचा स्वप्नाशी संबंध असतो, हे त्यांनी अचूक हेरले होते.

त्यांच्या विचारात आणखीही एक मोलाची गोष्ट होती. गुराख्याला गाण्याचा, शेतकऱ्याला जाब विचारण्याचा आणि स्त्रीला आपला गुरू निवडण्याचा अधिकार ज्या समाजाने सहजासहजी दिला नसता, त्याच समाजाला स्वप्नाच्या आधारे सांगितलेली त्यांची गोष्ट ऐकून घ्यावी लागली. परंतु नुसत्या स्वप्नाने कोणीच मोठे झाले नाही. केडमनने सकाळी काव्य रचून आणले. बहिणाबाईंनी जागेपणी छळ सोसून आपला निश्चय टिकविला. स्वप्न रात्री पडते. त्याची पारख मात्र दिवसाच्या उजेडात, माणसाच्या कृतीनेच होते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) मॅक्रोबियसने कोणत्या दोन प्रकारच्या स्वप्नांना निरर्थक मानले?
(आ) चरकसंहितेनुसार स्वप्नांचे पहिले पाच प्रकार कोणते? त्यांविषयी वैद्याला काय सांगितले आहे?
(इ) राजा हेन्रीच्या तीन स्वप्नांत कोण कोण दिसले?

२. कारणे द्या.
(अ) वाद्य जवळ येताच केडमन मेजवानीतून उठून जाई.
(आ) इब्न सीरीन यांनी एकाच स्वप्नाचे दोन निराळे अर्थ सांगितले.
(इ) बहिणाबाईंचे स्वप्न ऐकून त्यांच्या पतीला राग आला.

३. ‘ज्या बाजारात खऱ्या नाण्याला मोल असते, त्याच बाजारात खोट्या नाण्याची भीती असते.’ या वाक्याचा पाठाच्या आधारे अर्थ स्पष्ट करा.

४. हिल्डाने केडमनच्या स्वप्नाची परीक्षा कशी घेतली, ते आपल्या शब्दांत सांगा. तिची रीत तुम्हांला योग्य वाटते काय? का?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हसण्यावारी नेणे, जाब विचारणे, ध्यास घेणे, मन पालटणे, कसोटीवर घासून पाहणे.